कुत्र्याला स्टेंट?

"कुत्र्याला स्टेंट? काहीही!" हॉस्टेलवर मी हा विषय काढला तेव्हा रूममेटची ही पहिली प्रतिक्रिया. दुसरी लगेच आली, "आणि त्याने कॅन्सर बरा होतो का? नाही ना? मग कशाला?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हो, कुत्र्यांना स्टेंट बसवतात, गेली वीसेक वर्षं बसवतायत, आणि तो हृदयात नाही तर लघवीच्या मार्गात. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला हा अख्खा लेख लागणार आहे.

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. शाळेत मराठी म्हणजे थर्ड लँग्वेज, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं पाप संपादकांच्या माथी. शिवाय मी मेकॅनिकलची, व्हेटरनरीची नाही. मी या विषयात शिरले ती आमच्या कुकीमुळे.

कुकी म्हणजे आमची बीगल. मी तिसरीत असताना बाबांनी आणली, आणि मी फर्स्ट इयरला होते तेव्हा गेली. शेवटच्या तीन-चार महिन्यांत ती फिरायला गेली की दर दहा पावलांवर शू करायला बसायची. दोन थेंब व्हायचे, उठायची, पुन्हा बसायची. कधी गवतावर गुलाबी डाग दिसायचा. इन्फेक्शन असेल म्हणून अँटिबायोटिक्स झाली, आठवडाभर बरं वाटलं, पुन्हा तेच. शेवटी सोनोग्राफी केली तेव्हा मूत्राशयाच्या तोंडाशी गाठ दिसली. मग एका शनिवारी रात्री तिची शू पूर्ण बंद झाली. आम्हाला वाटलं उद्या होईल. रविवारी दवाखाना बंद. सोमवारी सकाळी डॉक्टरांनी कॅथेटर घालून लघवी काढली तेव्हा परत येताना ती गाडीत गाढ झोपली, इतकी की घोरत होती. दोन दिवसांनी पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी कॅथेटर आतच जाईना. तेव्हा आई, बाबा आणि मी, तिघांनी मिळून तो निर्णय घेतला.

त्या सकाळी तिने दोन पार्ले-जी खाल्ले होते. शेपटी हलवली होती. म्हणजे गाठ शरीरात होती हे खरं, पण त्या दिवशी तिला जे मारत होतं ते म्हणजे काही मिलिमीटरची बंद झालेली एक नळी. हे माझ्या डोक्यातून जाईना. आपण इंजिनिअरिंगवाले, आपल्याला नळी बंद झाली म्हटलं की हात शिवशिवतात. मग मी वाचत बसले.

आधी प्लंबिंग समजून घेऊ. दोन किडन्यांमधून दोन बारीक नळ्या निघतात, त्या मूत्रवाहिन्या. त्या मूत्राशयात, म्हणजे टाकीत, रिकाम्या होतात. टाकीतून बाहेर जायला एकच नळी, मूत्रमार्ग. गंमत अशी की आपल्या बिल्डिंगच्या टाकीत पाणी वरून येतं आणि खालून जातं, पण इथे येणाऱ्या दोन नळ्या आणि जाणारी एक नळी या तिन्ही टाकीच्या खालच्या बाजूला, जवळजवळ एकाच ठिकाणी असतात. तिथे एक छोटा त्रिकोण तयार होतो. कुत्र्यांच्या मूत्राशयात सगळ्यात जास्त आढळणारा जो कॅन्सर आहे, ट्रान्झिशनल सेल कार्सिनोमा, हल्ली त्याला युरोथेलियल कार्सिनोमा म्हणतात, तो बहुतेक वेळा नेमका याच त्रिकोणात उगवतो. तिथून तो मूत्रमार्गात उतरतो, आणि नर कुत्र्यांत प्रोस्टेटमध्येही शिरतो. सगळ्या कुत्र्यांच्या कॅन्सरमध्ये याचा वाटा साधारण दोन टक्के. पण स्कॉटिश टेरियर जातीला याचा धोका इतरांपेक्षा अठरा ते वीस पट जास्त असल्याचं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलंय. वेस्ट हायलँड टेरियर, शेटलंड शीपडॉग आणि, दुर्दैवाने, बीगल हेही त्या यादीत आहेत. नरांपेक्षा माद्यांना जास्त.

"मग गाठ कापून टाका ना!" हे मीही म्हटलं होतं. गाठ टाकीच्या वरच्या भागात असती तर तेवढा भाग कापून टाकी शिवता आली असती. पण त्रिकोणात हात घालायचा म्हणजे तिन्ही पाइपांचे जोड आणि लघवी धरून ठेवणारा स्नायू यांच्याशी खेळ. अख्खं मूत्राशय काढण्याची ऑपरेशन्स झालेली आहेत, पण ती फार मोठी असतात आणि नंतर कुत्र्याची लघवी सतत गळत राहते. त्यात हा कॅन्सर एका जागी गुपचूप बसणारा नाही, मूत्राशयाच्या अस्तरात इतरत्रही त्याची बीजं असतात. सुई खुपसून तुकडा काढायला गेलं तर सुईच्या वाटेवर पेशी सांडून पोटाच्या भिंतीत नवी गाठ उगवू शकते. म्हणूनच २०१५ साली एक शोध लागला तो महत्त्वाचा. या कॅन्सरच्या बहुतेक कुत्र्यांमध्ये बीआरएएफ नावाच्या जीनमध्ये एक ठराविक बदल सापडतो आणि तो नुसत्या लघवीच्या नमुन्यातूनही ओळखता येतो. सुई नको, चीर नको. कुकीच्या वेळी आम्हाला हे माहीतही नव्हतं.

औषधांची गोष्ट तर सिनेमासारखी आहे. पिरॉक्सिकॅम हे माणसांच्या सांधेदुखीचं औषध. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात कॅन्सरच्या कुत्र्यांना ते फक्त दुखणं कमी व्हावं म्हणून दिलं, आणि काहींच्या गाठीच लहान झाल्या! मग डेबोरा नॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली ३४ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या या गोळीवर कुत्री साधारण सहा महिने जगली. पुढे मायटोझँट्रोनसारख्या किमोच्या औषधांची जोड दिल्यावर हा आकडा नऊ-दहा महिन्यांपर्यंत गेला. म्हणजे कॅन्सर जात नाही, पण रेंगाळतो. काही काळ कुत्रं आणि गाठ दोघंही एकत्र राहतात.

पण या सगळ्या हिशेबाला एक मोठं भोक आहे. औषधाला काम करायला आठवडे लागतात. नळी बंद झाली तर हातात तास असतात. लघवी तुंबली की टाकीचा दाब मागे किडनीपर्यंत पोचतो, रक्तात विषारी द्रव्यं साठतात, पोटॅशियम वाढतं आणि पोटॅशियम वाढलं की हृदयाची लय बिघडते. कॅन्सर फुफ्फुसापर्यंत पोचायला अजून महिने असतील, पण कुत्रं या आठवड्यातच जाऊ शकतं. या आजारात कित्येक कुत्र्यांना कॅन्सर पसरून मरायची वेळच येत नाही. ती तुंबून मरतात, नाहीतर तुंबली म्हणून मालक त्यांना इंजेक्शन देऊन शांत करतात. आमच्यासारखे.

यावर जुने उपाय होते. कॅथेटर घालून ठेवा, तर तो ओढून काढला जातो आणि इन्फेक्शन होतं. पोटाला भोक पाडून मूत्राशयात कायमची रबरी नळी बसवा आणि मालकाने दिवसातून तीन-चार वेळा बूच काढून लघवी रिकामी करा. काही लोकांनी हेही प्रेमाने केलंय. पण ज्या कुत्र्याचा सगळा दिवस खांब हुंगून त्यावर सही करण्यात जातो, त्याला हे कसं वाटत असेल?

आता स्टेंट. त्याची मुळं शोधत गेले तर मी पोचले १९६४ साली, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंडला. चार्ल्स डॉटर नावाचे रेडिओलॉजिस्ट होते. त्यांच्याकडे ८२ वर्षांची एक आजी आली. पायाची रक्तवाहिनी अरुंद झालेली, बोटं सडायला लागलेली. सर्जन म्हणत होते पाय कापा, आजी म्हणत होती मुळीच नाही. डॉटरनी एक्स-रेत बघत तारेवरून एकापेक्षा एक जाड कॅथेटर सरकवून ती वाहिनी आतूनच रुंद केली. आजीचं म्हातारपण काही गेलं नाही, पण पुढची जी काही वर्षं मिळाली ती तिने स्वतःच्या पायांवर काढली. इथे मी थोडी थांबले होते, कारण माझ्या रूममेटचा "मग कशाला?" हा प्रश्न या आजीलाही विचारता आला असता.

रुंद केलेली वाहिनी पुन्हा मिटू नये म्हणून आत स्प्रिंगसारखा आधार ठेवावा, ही कल्पना डॉटरनी १९६९ साली करून पाहिली. कुणावर? कुत्र्यांवर. त्यांच्या मागच्या पायांतल्या, गुडघ्यामागच्या रक्तवाहिन्यांत. पुढे १९८३ साली डॉटर आणि अँड्र्यू क्रॅग या दोघांनी स्वतंत्रपणे निटिनॉल तारेच्या गुंडाळ्या वापरल्याचं प्रसिद्ध केलं, तेही कुत्र्यांवर. १९८६ साली फ्रान्समध्ये माणसाच्या हृदयात पहिला स्टेंट बसला तोपर्यंत कुत्र्यांच्या शरीरात कितीतरी बसून झाले होते. आज आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी काका असतात ज्यांना "दोन स्टेंट टाकलेत". त्या काकांनी कुत्र्यांचे आभार मानले पाहिजेत, असं मी आमच्या एका काकांना म्हटलं तर ते रागावले. असो.

कुत्र्यांकडे हे तंत्र परत यायला चाळीसेक वर्षं लागली. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात चिक वाइस आणि अ‍ॅलिसन बेरेंट या पशुवैद्यांनी माणसांच्या रेडिओलॉजिस्टबरोबर काम करून तार, कॅथेटर आणि स्टेंट हे सगळं जनावरांसाठी वापरायला सुरुवात केली. २००६ साली त्यांच्या गटाने १२ कुत्र्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. कॅन्सरने बंद झालेल्या मूत्रमार्गात स्टेंट घातला आणि बाराही कुत्र्यांची वाट मोकळी झाली. नंतर ते दोघं न्यूयॉर्कच्या अ‍ॅनिमल मेडिकल सेंटरमध्ये गेले आणि हे काम तिथे पुढे चाललं.

आता माझा आवडता भाग, मटेरियल! यूटीएमवर आपण माइल्ड स्टीलचा रॉड ओढतो, ग्राफ काढतो, व्हायव्हात सर "यील्ड पॉइंट दाखव" म्हणतात. ती स्टीलची सरळ रेषा फार लवकर संपते. अर्धा-एक टक्का ताण दिला की स्टील कायमचं वाकतं. निटिनॉल आठ टक्क्यांपर्यंत ताणून सोडलं तरी जसंच्या तसं. निकेल आणि टायटॅनियम, अणूंच्या हिशेबाने जवळपास निम्मं-निम्मं. नावातलं "नॉल" म्हणजे नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरी, अमेरिकन नौदलाची दारूगोळ्याची प्रयोगशाळा. तिथे विल्यम ब्युलर हे क्षेपणास्त्राच्या नाकासाठी धातू शोधत होते. १९६१ साली एका मीटिंगमध्ये या धातूची घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत होती. सगळे ती वाकवून बघत होते. एका साहेबांनी सहज म्हणून पाइप पेटवायचा लायटर तिच्याखाली धरला, आणि पट्टी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सरळ झाली.

हे का होतं? निटिनॉलच्या स्फटिकाला दोन बसण्याच्या पद्धती आहेत. गार असताना मार्टेन्साइट, मऊ, वाकणारा. गरम झाला की ऑस्टेनाइट, ताठ, आपला मूळ आकार आठवणारा. कुठल्या तापमानाला एकातून दुसऱ्यात जायचं हे मिश्रधातूचं प्रमाण आणि हीट ट्रीटमेंट यांनी ठरवता येतं. स्टेंटसाठी ते शरीराच्या तापमानाच्या खाली ठेवतात. मग स्टेंट गार करून, चेपून, एका बारीक नळीत भरायचा. तो बाहेर पडला की शरीराच्या उबेत आपलाआप उघडतो. फुगा नको, पंप नको.

यातली खरी करामत मात्र ग्राफमध्ये आहे. निटिनॉलवर ताण देतानाची रेषा वर असते आणि ताण सोडतानाची खाली. मधे जी जागा राहते ती हिस्टेरेसिस. सेकंड इयरला मी हा शब्द पाठ केला होता, कशासाठी ते कळलं नव्हतं. स्टेंटमध्ये याचा अर्थ असा की उघडत उघडत भिंतीला टेकलेला स्टेंट खालच्या रेषेवर असतो, म्हणून भिंतीला हळूच ढकलतो. पण कुणी बाहेरून त्याला दाबायला गेलं, म्हणजे गाठ वाढायला लागली, की तो वरच्या रेषेकडे जातो आणि घट्ट विरोध करतो. आपल्या माणसाशी मऊ, बाहेरच्याशी कडक. कॅन्सरने ठिसूळ झालेल्या नाजूक नळीला असाच आधार हवा असतो. मुद्दाम डिझाइन करायला गेलो असतो तरी आपल्याला हे सुचलं नसतं.

प्रत्यक्ष काम कसं होतं? कुत्र्याला पूर्ण भूल देतात आणि कुशीवर झोपवतात. पोट कापायचं नसतं. फ्लुरोस्कोपी म्हणजे सतत चालू असलेला एक्स-रे, त्यात सगळं पडद्यावर दिसतं. पण एक्स-रेत सावली मोठी पडते, मग मिलिमीटर मोजायचे कसे? त्यासाठी गुदद्वारातून मोठ्या आतड्यात एक खुणांचा कॅथेटर सरकवतात. त्यावर ठराविक अंतरावर धातूच्या खुणा असतात. आतडं मूत्रमार्गाच्या अगदी शेजारी असल्यामुळे दोघांची सावली साधारण सारख्याच प्रमाणात मोठी होते. खुणांमधलं खरं अंतर माहीत, पडद्यावरचं मोजलं, त्रैराशिक मांडलं, झालं. कॅलिब्रेशन! मला हे वाचून इतका आनंद झाला की मी रूममेटला झोपेतून उठवून सांगितलं.

मग मूत्राशयात एक्स-रेत दिसणारं औषध भरतात आणि कॅथेटर मागे ओढता ओढता मूत्रमार्गातही सोडतात. नळी फुगते, आणि जिथे गाठ आहे तिथे ती सुतासारखी बारीक दिसते. त्याच्या शेजारी नळीचा जो चांगला भाग असतो त्याचा व्यास मोजतात. स्टेंट त्याहून दहा-पंधरा टक्के मोठा निवडतात, म्हणजे तो भिंतीला घट्ट बसेल आणि घसरणार नाही. आपल्या भाषेत इंटरफिअरन्स फिट. लांबी गाठीच्या दोन्ही टोकांना साधारण एकेक सेंटिमीटर जास्त. त्याहून लांब नको, कारण लघवी धरणारा स्नायूही याच नळीवर आहे.

आता तार. तिचा पृष्ठभाग ओला झाला की बुळबुळीत होतो, त्यामुळे जिथे कॅथेटर अडतो तिथूनही ती वाट काढते. मादीत ती बाहेरून सरळ आत जाते. नरात वाट लांब, वळणाची आणि त्यात शिस्नात एक हाड असतं, त्यामुळे लहान चणीच्या नर कुत्र्यात स्टेंटची नळी मावत नाही. मग दुसऱ्या बाजूने, पोटावर सुईएवढं भोक पाडून मूत्राशयातून खाली यावं लागतं. एकदा तार गाठीच्या पार गेली की अर्धी लढाई जिंकली. तारेवरून बंद स्टेंट असलेली नळी सरकवायची, ती साधारण तीन मिलिमीटर जाडीची असते. जागा बरोबर साधली की बाहेरचं आवरण हळूहळू मागे ओढायचं आणि स्टेंट कळीसारखा उघडतो. काही स्टेंट विणलेले असतात. ते रुंद होताना आखूड होतात, आपल्या लेंग्याच्या नाडीसारखे, आणि तो हिशेब आधीच करावा लागतो. काही लेझरने अखंड नळीतून कापलेले असतात, ते फारसे आखूड होत नाहीत. पुष्कळ कुत्री त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. टाका नाही की गळ्यात तो प्लास्टिकचा लॅम्पशेड नाही.

एवढ्याशा रुंदीने काय फरक पडतो, असं वाटेल. फ्लुइड मेकॅनिक्स आठवा. पॉइसेलचं सूत्र, प्रवाह हा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळावा हिस्सा. म्हणजे तेवढीच लघवी तेवढ्याच वेळात बाहेर काढायला सोळा पट दाब हवा. दर दहा पावलांवर बसून कुकी काय करत होती हे मला त्या सूत्राने कळलं. ती दाब वाढवत होती. अर्थात मूत्रमार्ग म्हणजे काही पीव्हीसीचा पाइप नाही, तो मऊ असतो, ताणतो, त्यामुळे सोळा हा आकडा काटेकोर धरू नका. पण चौथ्या घाताची उलटी बाजूही तितकीच खरी: दीड-दोन मिलिमीटर परत मिळाले तरी फरक प्रचंड पडतो.

आता निकाल, आणि इथे मला प्रामाणिक राहायचंय. याच गटाने २०१३ साली ४२ कुत्र्यांचा मोठा अहवाल दिला. ४२ पैकी ४१ कुत्र्यांची अडलेली लघवी मोकळी झाली. इंजिनिअरिंगमध्ये असा सक्सेस रेट मिळाला तर आपण पेढे वाटू. पण त्यानंतर जगण्याचा मध्यक किती? ७८ दिवस. मध्यक म्हणजे निम्मी कुत्री त्याच्या आत गेली. सगळ्यात कमी २ दिवस, सगळ्यात जास्त ३६६. ज्या कुत्र्यांना आधी पिरॉक्सिकॅमच्या जातीची औषधं चालू होती आणि स्टेंटनंतर किमो मिळाली, त्यांचा मध्यक मात्र २५१ दिवस. स्टेंट कॅन्सरला हातही लावत नाही. तो फक्त औषधांना हवा असलेला वेळ मिळवून देतो. औषध नसेल तर तो वेळ तसाच जातो.

आणि किंमत आहे. चारातल्या एका कुत्र्याची लघवी नंतर जवळपास सतत गळायला लागली. बंद झालेलं दार उघडं ठेवायला पाचर मारली तर ते आता लावता येणार नाही, हे ओघानेच आलं. काहींची थोडी गळते, काहींची मुळीच नाही, आणि कुणाची गळेल हे आधी छातीठोक सांगता येत नाही. अमेरिकेत अंगण असलेल्या घरात हे चालून जात असेल. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, सोफ्यावर झोपायची सवय असलेल्या कुत्र्याला डायपर बांधून दिवसातून चारदा पुसायचं, तर घरातल्या कुणीतरी ते रोज करायला हवं. ते "कुणीतरी" बहुतेक वेळा आई असते, हेही लिहून ठेवते. याशिवाय जाळीच्या भोकांतून गाठ पुन्हा आत वाढू शकते. मग स्टेंटच्या आत दुसरा स्टेंट घालता येतो. कधी इतके दिवस ताणून ताणून मूत्राशयाचा स्नायूच थकलेला असतो, मग वाट मोकळी असूनही टाकी आकुंचन पावत नाही.

वरच्या दोन नळ्याही कधी गाठीखाली दबतात. त्यासाठी वेगळा स्टेंट असतो, धातूचा नाही, मऊ प्लास्टिकचा. त्याची दोन्ही टोकं डुकराच्या शेपटीसारखी गोल वळलेली. एक वळण किडनीत अडकतं, दुसरं मूत्राशयात, म्हणजे घसरायला जागाच नाही. २०११ साली अशा १२ कुत्र्यांचा अहवाल आला. हल्ली कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे विल्यम कल्प यांच्या गटाने प्रोस्टेटच्या कॅन्सरवर आणखी वेगळी वाट काढली आहे. गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीतच बारीक मणी सोडून ती बंद करायची. एकीकडे बंद नळी उघडायची, दुसरीकडे उघडी नळी बंद करायची! हत्यारं तीच, तार आणि कॅथेटर.

परत रूममेटच्या प्रश्नाकडे. "मग कशाला?" या प्रकारच्या उपचाराला पॅलिएटिव्ह म्हणतात, मराठीत उपशामक. रोग तसाच ठेवून त्रास काढायचा. आपल्याला हे पचत नाही, कारण आपल्याला मशीन दुरुस्त झालं की नाही एवढंच विचारायची सवय आहे. पण सर डिझाइनच्या पहिल्या लेक्चरला काय म्हणाले होते? आधी रिक्वायरमेंट लिहा. "कॅन्सर जावा" ही रिक्वायरमेंट लिहिली तर स्टेंट सपशेल नापास. "हिला आज शू होऊ दे" अशी लिहिली तर ४२ पैकी ४१. कुत्र्याला विचारता आलं असतं तर त्याने कुठली लिहिली असती? त्याला कॅन्सर हा शब्द माहीत नाही. पुढच्या वर्षीचं त्याच्या डोक्यात नसतं. पोट फुटेल असं वाटतंय आणि काही होत नाहीये, एवढंच त्याला माहीत असतं.

तरी मी असं म्हणणार नाही की कुकीला स्टेंट मिळाला असता तर नक्कीच बसवला असता. खर्च मोठा आहे, आणि त्याच पैशात आमच्या गल्लीतल्या कितीतरी कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस झाली असती, हे बाबा म्हणाले ते मला खोडता आलं नाही. शिवाय त्या ७८ दिवसांतले शेवटचे किती वाईट जातात हे मध्यकात दिसत नाही. पण निर्णय घेताना हा पर्याय टेबलावर आहे हे माहीत असणं आणि नसणं यात फरक आहे. आम्हाला नव्हतं.

ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट, मग थांबते. सात-आठ वर्षांपुढच्या कुत्र्याला लघवीचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होत असेल, रक्त दिसत असेल, तर तिसऱ्यांदा अँटिबायोटिक घेण्याआधी सोनोग्राफीचं विचारा. फिरायला नेल्यावर फोनमध्ये बघू नका, त्याच्याकडे बघा. बसलंय किंवा पाय वर केलाय, पण खरंच काही येतंय का? धार आहे की थेंब? आणि ते बसतंय, जोर लावतंय आणि काहीच येत नाहीये असं दिसलं, तर रात्र असो, रविवार असो, उघडा असलेला कुठलाही दवाखाना शोधा आणि निघा. आम्ही सोमवारपर्यंत थांबलो होतो.